रोज सकाळी चार अंश

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या ताईचे मिस्टर. नात्याने ते माझे एकट्याचे दाजी, पण मी शेडमध्ये दिवसभर त्यांना त्याच नावाने हाका मारायचो, त्यामुळे गिऱ्हाइकांपासून चहावाल्यापर्यंत सगळेच त्यांना दाजी म्हणायला लागले. वयाने त्यांच्याहून मोठे असलेले ट्रकवालेसुद्धा. ताईला याचा भारी राग. "सगळं गाव माझं माहेर करून ठेवलंस," असं ती मला अजून ऐकवते.

शेड आमच्या दोघांत आहे. रस्त्याकडच्या बाजूला दाजी गाड्यांचं वायरिंग करतात, मागच्या बाजूला माझं शिलाई मशीन. मी सीटची कव्हरं, पडदे, गाडीत अंथरायच्या गाद्या असलं काही शिवतो. मधे भिंत नाही. त्यांच्या सोल्डरिंगचा धूर माझ्या कापडाला लागतो आणि माझ्या फोमचा भुगा त्यांच्या चहात पडतो, यावरून आमची रोज एकदा तरी जुंपते. ते मला 'मास्तर' म्हणतात. त्यात मान किती आणि टोमणा किती, हे मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही.

माणूस मात्र कामाला चोख. वायरची दोन टोकं नुसती पिळून वर टेप गुंडाळणं त्यांना पटत नाही. सीटखाली, जिथे गाडी भंगारात जाईपर्यंत कोणाची नजर पडणार नाही, तिथेही ते सोल्डर करणार, वर नळी चढवणार आणि वायरी एका रेषेत बांधणार. एखादी जोडणी मनासारखी झाली नाही, तर गिऱ्हाईक दारात ताटकळत असलं तरी ती उपसून पुन्हा करणार. मी चिडायचो, कारण त्यांचं संपल्याशिवाय माझी गादी आत जायची नाही. हे आधी सांगतोय, कारण पुढचं ऐकून कोणी त्यांना भामटा समजेल. ते भामटे नाहीत. असते तर मला हे सांगायला एवढं जड गेलं नसतं.

गेल्या काही वर्षांत लोकांना रानात जाऊन राहायचं वेड लागलंय. घरी चांगला पलंग असलेली माणसं गाडीत गादी टाकतात, विजेचा खांबही दिसणार नाही अशा ठिकाणी जाऊन उभी राहतात, आणि तिथे गेल्यावर त्यांना पाणी मात्र थंडगार हवं असतं. माझं पोट त्या गाद्यांवरच चालतं, म्हणून मी हे मोठ्याने बोलत नाही. तर अशा लोकांसाठी गाडीत ठेवायचे फ्रिज आले. पेटीसारखे, झाकण वर उघडणारे. हे फ्रिज गाडीच्या बॅटरीवर चालतात, पण गाडी उभी करून रात्रभर चालवले तर सकाळपर्यंत बॅटरी पिऊन टाकतात आणि गाडी सुरू होत नाही. म्हणून दाजी दुसरी बॅटरी बसवून द्यायचे, फक्त फ्रिजची. गाडी पळत असली की ती इंजिनावर भरते, उभी असली की टपावरच्या सोलर पॅनलवर. ऊन गेलं की साठवलेल्यावर रात्र काढायची.

या फ्रिजच्या पाठीमागे एक छोटं सरकतं बटण असतं. बॅटरी किती उतरली की फ्रिजने आपणहून बंद व्हायचं, ते या बटणावर ठरतं. बटण खालच्या खुणेवर असलं, तर फ्रिज बॅटरीतला जवळजवळ शेवटचा घोट संपेपर्यंत चालतो. वरच्या खुणेवर असलं, तर बॅटरी थोडी उतरली की फ्रिज गप्प बसतो आणि पुन्हा ऊन पडून ती भरायला लागेपर्यंत उठत नाही. वरची खूण एकच बॅटरी असलेल्यांसाठी असते. दुसरी बॅटरी बसवली की बटण खाली करायचं, इतकी साधी गोष्ट आहे. माझ्यासारख्या सुई-दोऱ्याच्या माणसालाही ती समजते.

दाजी मात्र प्रत्येक फ्रिजचं बटण वर ठेवायचे.

त्याला कारण एक कंत्राटदार. दाजींनी त्याला सगळं रीतसर बसवून दिलं होतं, बटण खाली ठेवून. त्या बाबाने गाडी झाडाखाली उभी केली, पॅनलला ऊन लागू दिलं नाही, आणि बॅटरी पार कोरडी पडून मेली. मग तो आमच्या शेडसमोर भर रस्त्यात उभा राहून दाजींच्या नावाने जे बोलला, ते ऐकायला समोरच्या दवाखान्यातले पेशंटसुद्धा बाहेर आले होते. दाजी तापात काम करतील, बोट कापलं तर फडकं बांधून काम करतील, पण दारात कोणी आवाज चढवलेला त्यांना सोसत नाही. तेव्हापासून बटण वर, आधी त्याच्या फ्रिजचं, मग सगळ्यांचं. बटण वर असलं की बॅटरी कधी मरत नाही. फ्रिज रात्री लवकर बंद पडतो, पण रात्री उठून फ्रिज कोण बघतंय? सकाळी ऊन पडलं की तो आपला सुरू होतो, आणि माणसं तोंड धुऊन येईपर्यंत पाणी पुन्हा गार.

एकदा जेवताना दाजींनीच हे सांगितलं. "फ्रिजलाही रात्रीची झोप लागतेच की," म्हणाले. ताई हसून हसून ठसका लागेपर्यंत हसली. मीही हसलो. मला ती युक्ती इतकी पसंत पडली की मी ती एक-दोघांना कौतुकाने सांगितली होती.

मग डॉक्टरीणबाई आल्या. गुरांच्या डॉक्टर. आमच्या पलीकडे मोठं माळरान आहे, तिथे मेंढ्यांचे कळप एका जागी न राहता चरत फिरतात. कळपांच्या मागे बाई फिरायच्या, उन्हाळाभर गाडीतच मुक्काम करून लस टोचायच्या. वय फार नाही, केस आखूड कापलेले, बोलणं थेट. तोपर्यंत त्या बर्फाची पेटी घेऊन जायच्या. बर्फ वितळला की काम अर्धं टाकून परत यावं लागायचं, आणि परत जाईपर्यंत कळप दुसरीकडे गेलेला असायचा. त्यांनी ऑफिसच्या मागे लागून फ्रिज मंजूर करून घेतला होता. त्या तो हातात धरूनच शेडमध्ये शिरल्या.

"ही लस गरम झाली की संपली," त्या दाजींना म्हणाल्या. "पुन्हा गार केली तरी उपयोग नसतो. दिसायला तशीच दिसते, पण आत पाणी. एकच सांगा, रात्री बंद पडणार नाही ना?"

"नाही पडणार," दाजी म्हणाले. "तुम्ही डोळे मिटून झोपा."

आणि त्यांनी काम खरंच जीव ओतून केलं. नेहमीपेक्षा मोठी बॅटरी निवडली, जाड वायर घातली, दगडधोंड्यांत हलू नये म्हणून पेटीला लोखंडी चौकट केली. मला म्हणाले, "मास्तर, फ्रिजला एक जाड कव्हर शिवा, गारवा धरून राहील असं." मी फोम घालून चांगलं कव्हर शिवलं. फ्रिजच्या आकड्यांचा निळा उजेड झोपताना डोळ्यांवर येतो, अशी रानात जाणाऱ्यांची तक्रार असते, म्हणून आकड्यांवर पडणारी एक झडपही लावली. बाईंना ती झडप फार आवडली. दाजींनी सगळं दोनदा तपासलं, फडक्याने पुसलं आणि गाडी दिली. त्या पुसण्यात कधीतरी त्यांच्या अंगठ्याने ते बटण वर सरकवलं. नंतर ते म्हणाले की हात आपोआप गेला. मला ते खरं वाटतं, आणि खरं असल्यामुळे जास्तच वाईट वाटतं.

उन्हाळा सरला. बाई गाडी घेऊन पुन्हा आल्या तेव्हा मी त्यांना पटकन ओळखलं नाही. रापल्या होत्या, खंगल्या होत्या, आणि दारातच थांबल्या होत्या.

"हे सगळं काढून घ्या," त्या म्हणाल्या. "गाडी ऑफिसला परत करायची आहे, फ्रिज-बॅटरी मागाहून त्यांचा माणूस नेईल. मी नोकरी सोडतेय."

दाजींनी स्टूल पुढे केलं. बाई बसल्या नाहीत. उभ्याउभ्याच सांगत राहिल्या. ज्या कळपांना त्यांनी टोचलं होतं, त्यांच्यातच रोग आला होता. कोकरं आधी गेली, मग मोठ्या मेंढ्या. एका म्हातारीचा तर जवळजवळ सगळा कळप गेला. लोक म्हणायला लागले, बाईने पाणी टोचलं. काही जण म्हणाले, औषध बाहेर विकलं आणि आम्हाला पाणी दिलं. ऑफिसातही कुजबुज सुरू झाली होती. आता माळावर सगळ्या कळपवाल्यांची बैठक होती, आणि तिथे बाई स्वतःची चूक कबूल करणार होत्या.

"पण चूक काय झाली?" मी मशीनवरूनच विचारलं.

"तेच कळत नाही हो. सुईचं माप चुकलं असेल, हात चुकला असेल. लस तर मी जिवापाड जपली. सकाळी धारा काढून होईपर्यंत कळपवाले जनावरं हातात देत नाहीत, तोपर्यंत ऊन चांगलं वर आलेलं असायचं. मी झडप उचलून आकडा बघायचे आणि मगच सुई भरायचे. रोज सकाळी चार अंश. एक दिवस चुकला नाही." मग त्या दाजींकडे वळून म्हणाल्या, "फ्रिजने मात्र काडीचा त्रास दिला नाही. आणि किती शांत. रात्री तर चालू आहे की नाही तेसुद्धा कळायचं नाही."

दाजी तेव्हा गाडीत वाकून फ्रिजचे नट सोडवत होते. पाना थांबला. मला तिथून त्यांची फक्त पाठ दिसत होती. थोड्या वेळाने ती पाठ हलली, एक हात फ्रिजच्या मागे गेला आणि परत आला. मग ते फ्रिज उचलून खाली उतरले. 

"माझंच काहीतरी चुकलं," बाई म्हणत होत्या.

"होतं असं कधी कधी," दाजी म्हणाले.

हे त्यांचे शब्द. बाई त्यांचे आभार मानून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच दाजींनी तीच बॅटरी घेतली, तोच फ्रिज तिला जोडला, बटण वर सरकवलं आणि आत थर्मामीटर टाकून झाकण लावलं. पॅनल जोडलंच नाही. मला वाटलं, फ्रिज ऑफिसला परत द्यायच्या आधी तपासताहेत. दुपारच्या आत फ्रिजची घरघर थांबली. दाजींनी टेस्टर लावून बघितलं, तर बॅटरी अर्धीसुद्धा उतरली नव्हती. ते स्टूल ओढून फ्रिजसमोर बसले. एक रिक्षावाला हॉर्नचं काम घेऊन आला, त्याला "उद्या" म्हणाले. दुसऱ्यालाही उद्या. दिवस कलला तेव्हा त्यांनी झाकण उघडलं आणि थर्मामीटर माझ्या हातात दिला. आत आमच्या शेडइतकंच गरम होतं.

मला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा पहिली आठवण आली ती जेवताना हसलो होतो त्याची.  मी थर्मामीटर परत दिला आणि उगाच एका तयार गादीची शिवण उसवायला बसलो.

"तिच्यासमोरच बटण खाली केलं मी," दाजी म्हणाले. "ती तिथे उभी होती, मास्तर."

घरी त्यांनी ताईला सांगितलं. ताटावर बसून सांगितलं आणि ताट तसंच ठेवून उठले. मी समजूत घालायला गेलो. मी काही साधुसंत नाही. मी म्हटलं, "दाजी, बटणाचं कोणाला काय कळतंय? फ्रिजमध्येच बिघाड होता म्हणून सांगा. बाई सुटतील, तुम्हीही सुटाल. यंत्र आहे, बिघडतं."

ताईने दाजींचं ताट झाकून ठेवलं. मग म्हणाली, "अहो, ज्या मेंढ्या अजून धडधाकट आहेत, त्यांना तरी ती लस लागलीय का?"

दाजींनी नाही म्हणून मान हलवली.

"आणि त्या सगळ्यांना वाटतंय की लागलीय."

"हो."

"मग अजून इथे का बसलाय?"

बैठकीच्या दिवशी आम्ही दाजींच्या जुन्या व्हॅनमधून निघालो. फ्रिज, बॅटरी, पॅनल, सगळं मागे घातलं होतं. वाटेत दाजी काय बोलायचं त्याची तयारी करत होते. ओठ हलत होते, आवाज नव्हता. शेवटी म्हणाले, "तुम्ही म्हणता तसंच सांगतो. बिघाड होता म्हणतो." मी बरं म्हटलं. मला खरंच हायसं वाटलं.

माळावर पाण्याच्या टाकीजवळ कळपवाले जमले होते. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, मधे बाई उभ्या. त्यांच्या ऑफिसचा एक साहेब खुर्चीवर बसून घाम पुसत होता. आम्ही पोचलो तेव्हा बाई सांगत होत्या की दोष त्यांचा आहे आणि त्या कोणावर ढकलणार नाहीत.  समोर एक म्हातारी मांडी घालून बसली होती, हातात काठी, आणि ती बाईंकडे न बघता जमिनीकडे बघत होती. तीच ती, जिचा कळप गेला होता.

दाजी गर्दीतून पुढे गेले. "बाई, तुमची चूक नाही," ते म्हणाले.  "फ्रिजमध्ये बिघाड होता. रात्री बंद पडत होता आणि सकाळी आपोआप सुरू व्हायचा. मी काल तपासलं. लस तिथेच खराब झाली."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. बाई एकदम खाली बसल्या, गुडघ्यांवर डोकं टेकून. त्यांच्या खांद्यांवरून कळत होतं की त्या रडताहेत. कळपवाल्यांचा म्होरक्या, पांढऱ्या मिशांचा धिप्पाड माणूस, उठून दाजींजवळ आला. "एवढ्या लांब येऊन कोण सांगतं हो असं," तो म्हणाला. "दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता." त्याने स्वतःच्या शेजारी दाजींना जागा करून दिली. कोणीतरी चहा आणून हातात दिला. साहेबाने मान डोलावून "फार चांगलं केलंत" म्हटलं. बाई डोळे पुसत आल्या आणि म्हणाल्या, "दाजी, तुमचे उपकार मी विसरणार नाही. यंत्राच्या बिघाडात तुमचा काय दोष?"

मी गर्दीच्या कडेला उभा होतो. मला वाटलं, झालं, सुटलो. आणि त्याच वेळी दाजींच्या हातातल्या कपाकडे माझं लक्ष गेलं. चहा काठावरून सांडून त्यांच्या पँटवर पडत होता, आणि त्यांना ते कळत नव्हतं. मी उभ्या आयुष्यात माणसाला मानाच्या जागेवर बसून इतकं अवघडलेलं पाहिलं नाही. इकडे मलाही उभं राहवेना. ती वाट मीच दाखवली होती.

दाजींनी कप खाली ठेवला आणि उठून उभे राहिले.

"बिघाड नव्हता," ते म्हणाले.

त्यांनी व्हॅनमधून फ्रिज आणवला. मीच उचलून आणला. सगळ्यांच्या मधे तो ठेवून, त्याची मागची बाजू लोकांकडे करून त्यांनी ते बटण दाखवलं. वर केलं की काय होतं, खाली केलं की काय होतं, ते साध्या शब्दांत सांगितलं. मग म्हणाले, "हे खाली असायला हवं होतं. मी वर ठेवलं. मी सगळ्यांचंच वर ठेवतो."

 मग त्या म्हातारीने जमिनीवरून नजर उचलली.

"कशाला रे बाबा?" तिने विचारलं. रागाने नाही. तिला खरंच समजत नव्हतं.

दाजींनी बटणावरचं बोट काढलं.  "बॅटरी मेली की गिऱ्हाईक माझ्या दारात येऊन ओरडतं," ते म्हणाले. "तसं कोणी ओरडू नये म्हणून."

म्हातारी त्यांच्याकडे बघत राहिली. तिचा चेहरा बदलला नाही. "एवढ्यासाठी," ती म्हणाली आणि पुन्हा खाली बघायला लागली.

म्होरक्या दाजींच्या रिकाम्या जागेपासून सरकून बसला. फार नाही, हातभर. तो कप कोणीतरी उचलून नेला.

बाई जवळ आल्या. डोळे अजून ओले होते, पण आवाज कोरडा होता. "मी तुम्हाला विचारलं होतं, रात्री बंद पडणार नाही ना म्हणून."

"हो."

"परवा मी शेडमध्ये उभी होते, तेव्हा तुम्हाला कळलं होतं?"

"हो."

"मी स्वतःला दोष देत होते. तुम्ही ऐकत होतात."

दाजींनी मान खाली घातली. मला वाटलं, बाई आता ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या दाजींकडे पाठ करून कळपवाल्यांशी बोलायला लागल्या, कोणता कळप कुठे आहे, नवीन लस कधी येईल, आधी कोणाकडे जायचं. नोकरी सोडायचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. साहेबाने मधे काहीतरी म्हटलं, तर त्यालाही त्यांनी थांबवलं. आम्ही दोघं फ्रिजपाशी तसेच उभे. आम्हाला कोणी बसा म्हणालं नाही आणि जा म्हणालं नाही.

निघताना बाई फक्त एवढंच बोलल्या. "दुसरा फ्रिज मिळायला महिने जातील. हाच घेऊन या. आणि तुम्ही स्वतः या त्याच्याबरोबर. जोपर्यंत लस आत आहे तोपर्यंत त्याच्यापासून हलायचं नाही."

"येतो," दाजी म्हणाले.

परतीच्या वाटेवर मी म्हटलं की बरं झालं एकदाचं, मन हलकं झालं असेल. ते म्हणाले, "नाही झालं."  शेडमध्ये पोचल्यावर त्यांनी आजवर फ्रिज बसवून दिलेल्या एकेकाला फोन लावायला घेतला. "बटण खाली करा," एवढंच सांगत नव्हते, का सांगतोय तेही सांगत होते. काही जण हसले, काहींनी फोन आपटला. त्या कंत्राटदाराने तर ज्या आवाजात रस्त्यावर बोलला होता, त्याच आवाजात पुन्हा सुनावलं. दाजींनी फोन कानापासून लांब केला नाही.

लस आली तेव्हा मीही बरोबर गेलो. कव्हर माझं होतं. त्यावरची झडप मी कापून टाकली होती.

पहिला मुक्काम म्हातारीच्या उरलेल्या मेंढ्यांपाशी होता. दाजी रात्रभर फ्रिजला टेकून बसून होते, हे मला सकाळी त्यांच्या डोळ्यांवरून कळलं. बाईंनी येऊन आधी स्वतः वाकून बटण बघितलं, मग सुई भरायला घेतली. कळपवाले आपापली जनावरं घेऊन रांगेत उभे राहिले. सगळ्यात पुढे म्हातारी. तिने मेंढी पुढे केली नाही. ती फ्रिजपाशी आली.

"उघड," ती दाजींना म्हणाली.

दाजींनी आकड्यांकडे बोट दाखवायला हात उचलला आणि अर्ध्यातच खाली घेतला. त्यांनी झाकण उघडलं. म्हातारीने बाही मागे सारली, हात पार कोपरापर्यंत आत घातला आणि तसाच ठेवला, बोटं बधिर होईपर्यंत. मग काढला, अंगावरच्या कपड्याला पुसला आणि मेंढी आणायला वळली.

तिच्या मागच्या माणसानेही तेच केलं. त्याच्या मागच्यानेही. म्होरक्याने हात घातला, त्याच्या सुनेने घातला. प्रत्येक वेळी झाकण उघडत होतं आणि आतला गारवा बाहेर जात होता. दाजींना ते सगळ्यांहून जास्त कळत होतं. बाईंनाही कळत होतं, पण त्या कोणाला अडवत नव्हत्या. मी दाजींकडे बघितलं, म्हटलं आता तरी सांगतील. ते फक्त पॅनल उन्हाकडे थोडं वळवून आले आणि पुन्हा झाकणापाशी उभे राहिले. दुपारनंतर तर कोणाला 'उघड' म्हणायचीही गरज पडली नाही. माणूस जवळ येताना दिसला की दाजी मान खाली घालून आपणहून झाकण उघडायचे आणि त्याचा हात बाहेर येईपर्यंत धरून ठेवायचे.